जुना पिकअप चालू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

जुना डिझेल पिकअप सकाळी चालू झाला नाही, की बहुतेकांचा पहिला निष्कर्ष ‘बॅटरी गेली’ हाच असतो. नागपुरात तो अनेकदा खराही ठरतो. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बॅटरीतील पाणी आटते आणि प्लेटा झिजतात. मात्र हे नुकसान उघडे पडते ते डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा पहाटेचे तापमान १० अंशांखाली उतरते, इंजिन ऑइल घट्ट होते आणि तेच इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो. तरीही कळमन्याच्या बाजारात माल पोहोचवायचा आहे म्हणून घाईने नवी बॅटरी बसवण्यापूर्वी एक गोष्ट नीट पाहावी: किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतच नाही, की फिरते पण पेट घेत नाही? हे दोन पूर्णपणे वेगळे बिघाड आहेत आणि त्यांची गल्लत हीच सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

इंजिन फिरतच नसेल, तर हेडलाइट लावून सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारावा. दिवे विझू लागले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे तेजस्वी राहिले आणि नुसता ‘टक्’ आवाज आला, तर सेल्फचा सोलेनॉइड (त्याला करंट जोडणारा विद्युत स्विच) किंवा कार्बन (मोटरच्या आत करंट पोहोचवणारे ब्रश) तपासावा लागेल. मल्टिमीटर असेल तर अंदाजावर विसंबण्याची गरज नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ व्होल्टच्या आसपास ती जवळजवळ रिकामी असते, आणि इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले नाहीत तर दोष चार्जिंगमध्ये आहे, म्हणजे नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल.

जुन्या गाड्यांत इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी हे दुर्लक्षित ठिकाण आहे. ती गंजली की सेल्फला पुरेसा करंट मिळत नाही आणि लोक विनाकारण सेल्फ उतरवून दुरुस्तीला नेतात. टर्मिनलवरील पांढरी-हिरवट पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. धुण्यापूर्वी प्रथम निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर काढावी, आणि सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. बॅटरीत पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी किंवा वरून ओतलेले ॲसिड, दोन्ही प्लेटांना मारक ठरतात. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून डायनामो (म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) ‘तपासण्याची’ जुनी सवय मात्र कायमची सोडावी, कारण अचानक वाढलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

इंजिन जोमाने फिरते आणि तरीही पेट घेत नाही, तेव्हा सायलेन्सरकडे पाहावे. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही; पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, पण जळत नाही, म्हणजे हीटर प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारा प्लग) किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याकडे) वळावे. धूरच नसेल तर प्रथम टाकीत डिझेल आहे का ते पाहावे. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नसतो. त्यानंतर डिझेल पंपावरील स्टॉप सोलेनॉइडची (किल्ली बंद केल्यावर डिझेल अडवणाऱ्या विद्युत झडपेची) वायर निसटली आहे का ते बघावे. फिल्टर नुकताच बदलला असेल किंवा टाकी पूर्ण रिकामी झाली असेल, तर लाइनने हवा धरलेली असते. अशा वेळी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढण्याचा स्क्रू) सैल करून हातपंप दाबत राहावे, फेस जाऊन डिझेलची अखंड धार लागली की स्क्रू कसावा. हवा वारंवार धरत असेल तर टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या रबरी पाइपला बारीक तडा शोधावा. डिझेल बाहेर गळत नसले तरी त्यातून हवा आत खेचली जाते. कॉमन रेल इंजिनाच्या (ज्यात एकाच नळीतून सर्व सिलिंडरांना उच्च दाबाचे डिझेल मिळते) उच्च दाबाच्या नळ्या मात्र कधीही सैल करू नयेत. त्यांतील दाब एक हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची बारीक धार थेट कातडीत शिरते.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान एक मिनिट जाऊ द्यावे, अन्यथा मूळ बिघाड जागेवर राहून सेल्फची वाइंडिंग जळते. एअर इनटेकमध्ये इथरचा स्प्रे मारणे त्याहून घातक, विशेषतः हीटर प्लग असलेल्या इंजिनात, कारण पिस्टन वर येण्याआधीच स्फोट होऊन रिंगा तुटू शकतात. शेजारच्या गाडीवरून जंप देताना शेवटची काळी वायर उतरलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर जोडावी. बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी पडता कामा नये. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा दुसरा घालावा. तारेचा तुकडा गुंडाळून वेळ मारून नेली, तर पुढचा शॉर्ट फ्यूजमध्ये न थांबता वायरिंगला आग लावेल.