पशुरुग्णालयात रजेच्या काळात बदली मदतनीस नेमताना

गणपती जवळ आले की मुंबई-ठाण्यातील अनेक खासगी पशुरुग्णालयांत एकच अडचण उभी राहते. मदतनीस कोकणात गावी निघतात आणि गोचीडतापाचे रुग्ण मात्र येतच राहतात. अशा वेळी ओळखीतल्या कुणाला तरी ‘चार दिवस सांभाळून घे’ म्हणून बोलावले जाते. तो येतो, पण कात्री कुठे आहे इथपासून सारे विचारत राहतो आणि डॉक्टरांचे काम कमी होण्याऐवजी वाढते. म्हणून माणूस शोधण्याआधी कामांची वाटणी करावी.

या वाटणीचा पाया कायद्यात आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय केवळ नोंदणीकृत पशुवैद्यकालाच करता येतो. राज्य सरकारने परवानगी दिलेले पदविका किंवा प्रमाणपत्रधारक त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देऊ शकतात आणि लसीकरण, खच्चीकरण व जखमेची मलमपट्टी ही त्यांची उदाहरणे कायद्यातच दिलेली आहेत. त्यामुळे येणारी व्यक्ती पदविकाधारक आहे की कामावर शिकलेली आहे, हे कागदपत्रे पाहून ठरवावे. दुसऱ्या प्रकारच्या मदतनिसाकडे जनावर धरणे, पिंजरे व टेबल स्वच्छ ठेवणे, खाणेपिणे देणे, सलाईनवर लक्ष ठेवून वेळेवर हाक मारणे एवढीच कामे द्यावीत. डॉक्टरच बदलीवर येणार असतील, तर त्यांची राज्य पशुवैद्यक परिषदेकडील नोंदणी चालू असल्याची खात्री करावी.

माणसे मिळवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे शेजारच्या दोन-तीन रुग्णालयांशी आधीच ठरवून केलेली देवाणघेवाण. निवृत्त पशुधन पर्यवेक्षकही उपयोगी पडतात, मात्र त्यांचा हात बहुधा गाईम्हशींवर बसलेला असतो. घाबरलेले मांजर धरण्याचे कसब वेगळे, ते गृहीत धरू नये.

बदली मदतनिसांची यादी निदान महिनाभर आधी तयार असावी, याचे मुख्य कारण रेबीज आहे. पूर्वप्रतिबंधक लसीचे तीन डोस ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. साहजिकच आज सापडलेला माणूस उद्या सुरक्षित होत नाही. लसीकरण पूर्ण झालेल्या व्यक्तीलाही चावा लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ० व ३ ऱ्या दिवशी पुढचे दोन डोस द्यावेत. हा खर्च रुग्णालय करील, हे पाळीचा मोबदला, रात्रपाळीचा दर आणि प्रवासखर्च यांच्यासह आधीच लेखी ठरवावे. तोंडी ठरलेले नेमके चाव्याच्या दिवशीच कुणाला आठवत नाही.

पहिल्या दिवशी बदली मदतनिसाला तासभर लवकर बोलवावे आणि शक्यतो रजेवर जाणाऱ्याच्या हस्तेच काम सोपवावे. प्रत्येक पिंजऱ्यावरील कार्डावर जनावराचे नाव, औषधाची पुढची वेळ आणि स्वभाव लिहिलेला असावा. ‘चावतो’ हा शब्द लाल शाईने, आणि शक्य असल्यास कशाने चिडतो तेही. ‘मागच्या उजव्या पायाला हात लावला की वळतो’ एवढी एक ओळ मझल म्हणजे तोंडाला बांधायच्या मुसक्याइतकीच उपयोगी ठरते. ऑक्सिजन सिलिंडरची चावी, अॅड्रेनालिन व अॅट्रोपिनचा तातडीचा ट्रे आणि मझलचे निरनिराळे आकार त्याला हाताने उघडून दाखवावेत. केटामिन हे भुलीचे औषध अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातील औषधांच्या यादीत येत असल्याने त्या कपाटाची किल्ली मात्र डॉक्टरांकडेच राहावी.

भूल दिलेल्या जनावराशेजारी त्याला पहिल्याच दिवशी एकटे उभे करू नये. दर पाच मिनिटांनी हृदयाचे ठोके, श्वास आणि हिरड्यांचा रंग तो तक्त्यात कसा नोंदवतो, हे आधी एका साध्या शस्त्रक्रियेत पाहावे. क्ष-किरण कक्षात तर नेहमीच्या कर्मचाऱ्याचा टीएलडी बिल्ला लावून त्याला कधीच पाठवू नये. तो बिल्ला ज्या त्या व्यक्तीच्या अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजतो आणि अशाने दोघांच्याही नोंदी खोट्या ठरतात. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायच्या, हे सांगितले तरी एकदा डोळ्यांनी तपासावे.

जनावरांचे पालक दारातच मदतनिसाला गाठतात. ‘दादा, काय झालंय हो त्याला?’ या प्रश्नाला ‘डॉक्टर येऊन सांगतील’ हेच उत्तर द्यायचे, असे त्याला स्पष्ट सांगावे. अनुभवी माणसालाच इथे मोह जास्त होतो.

शेवटच्या दिवशी मोबदला त्याच संध्याकाळी चुकता करावा आणि कोणत्या वस्तू सापडल्या नाहीत, कोणते कार्ड अपुरे होते, हे त्याला विचारून घ्यावे. त्याच्या लसीच्या तारखा आणि त्याने कोणती कामे नीट केली याची नोंद वहीत ठेवावी, म्हणजे दिवाळीच्या रजा लागतील तेव्हा पहिला फोन कुणाला करायचा हे ठरलेले असेल.