टीका ऐकताना

नव्याने कथा-कविता लिहिणारी मुलं मला बहुतेक एकच विचारतात, छापायला कुठे पाठवू? माझं सांगणं असं की, पाठवण्याआधी चार जणांना वाचून दाखवा आणि वाचून झाल्यावर पंधरा मिनिटं काही बोलू नका. 'मला असं म्हणायचं होतं' हे वाक्य ओठांवर येतंच, पण दिवाळी अंक वाचणाऱ्याच्या शेजारी तुम्ही समजावून सांगायला बसलेले नसता. बोलण्याऐवजी वहीत लिहून घ्या, शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत.

आमच्या गटात एका मुलाने द्राक्षबागेवरची कथा वाचली. एप्रिलात छाटणी, मग वेलींना घड, मग पहिल्या पावसात पीक मातीत. दिंडोरीकडचे एक बागायतदार काका ऐकायला होते. ते म्हणाले, "अरे, एप्रिलची ती खरड छाटणी. तिच्याने काडी तयार होते. माल येतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर." मुलगा उसळला, "काका, ही कथा आहे, शेतीचं पुस्तक नाही."

हे उत्तर मला मुळीच पटत नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातला वाचक त्या ओळीनंतर लेखकावर विश्वास ठेवणार नाही, आणि तिथेच कथा संपली. शिवाय काकांच्या दुरुस्तीतच कथेला हवं ते सगळं होतं. ऑक्टोबरची छाटणी म्हटली की थंडीतल्या फवारण्या आल्या, भुरी-डाऊनी या रोगांची धास्ती आली आणि काढणीच्या तोंडावर गारपिटीची भीती आली. व्यापाऱ्याशी भाव ठरलेला, कर्जाचा हप्ता तोंडावर आणि आभाळ भरून आलेलं! राग ओसरल्यावर मुलाने काकांना फोन केला, त्यांच्या बागेत जाऊन आला. नवा खर्डा वाचताना खोलीत कुणी हललं नाही.

त्याच बैठकीत एक ताई म्हणाल्या, "शेवट फार काळोखा आहे, पोराला नोकरी लागल्याचं दाखव." इथे मात्र सांभाळायला हवं. ऐकणाऱ्याला खटकलं, ती जागा बहुधा खरीच कच्ची असते. त्यावर तो सुचवतो तो उपाय मात्र त्याच्या मनातल्या वेगळ्याच कथेचा असतो. मी ताईंना विचारलं, "शेतकऱ्याचं दुःख तुम्हाला कुठपर्यंत आपलं वाटत होतं?" त्या म्हणाल्या, "त्याची बायको होती तोवर." आम्ही पानं चाळली. बायको कथेच्या मध्यावर दिसेनाशी झाली होती, लेखकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. काम तिथे करायचं होतं. शेवट होता तसाच राहिला आणि दुसऱ्या वाचनात ताईंना तो पटला.

शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या तर वाद न घालता दुरुस्त करा. मात्र बागलाण-कळवणच्या पात्राची अहिराणी पुसून प्रमाण मराठी करा, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. साहित्य महामंडळाचे १९६२चे लेखननियमही पात्राच्या तोंडच्या बोलीरूपांना जागा देतात. दलित साहित्याच्या भाषेवर ती शिवराळ आहे, आक्रस्ताळी आहे, असे आक्षेप घेतले गेलेच होते. ते मानून आपल्या नाशिकच्या बाबुराव बागुलांनी भाषा सोज्वळ केली असती, तर मराठी कथा केवढ्या अनुभवाला मुकली असती.

छापून आलेल्या परीक्षणाला उत्तर लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. अपवाद दोनच: परीक्षणात माहिती चुकीची असेल, किंवा वाङ्मयचौर्याचा आरोप असेल. तेव्हाही चार ओळींत, पुराव्यानिशी लिहावं. टीका लिखाणाबद्दल नसून तुमच्या जातीबद्दल, दिसण्याबद्दल, घराबद्दल असेल, तर ती वहीत उतरवायचीही गरज नाही.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. म्हणून वाचन उन्हाळ्यात करा, म्हणजे वही मिटून दोन-तीन आठवडे थांबता येतं आणि पुन्हा लिहायलाही वेळ उरतो. ऐकायला फक्त लिहिणारी मंडळी बोलावू नका. ती एकमेकांच्या शैलीबद्दल बोलत राहतात. सातपूरच्या कारखान्यातला फिटर, सिव्हिल हॉस्पिटलमधली नर्स, बाजार समितीतला हमाल, ज्याच्या आयुष्याबद्दल तुम्ही लिहिलं आहे असा एक तरी माणूस समोर हवा, आणि त्याला सगळ्यात आधी बोलू द्यायला हवं. लेखक मंडळी बोलून गेल्यावर तो गप्प बसतो.