एनआरओ खात्यातले पैसे परदेशी नेताय? या चुका टाळा

पुण्यातला फ्लॅट विकला, पैसे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या कमाईसाठीचं रुपयातलं खातं) जमा झाले, आता ते टोरांटोला किंवा दुबईला न्यायचेत. पैसे आपले, खातं आपलं, तरी बँक कागदांमागून कागद मागते म्हणून चिडचिड होते. फेमा हा परकीय चलनाचा कायदा रुपया देशाबाहेर जाऊ देतो, फक्त तो कुठून आला आणि त्यावरचा कर भरला का, हे आधी कागदावर दिसावं लागतं. अडचण पाठवायच्या दिवशी उघडी पडते, पण घोळ बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

जुनं बचत खातं तसंच ठेवणं

नोकरीसाठी परदेशी गेलात की फेमाच्या लेखी तुम्ही अनिवासी झालात. १८२ दिवस भरायची वाट बघायची नसते. तरी गावातल्या बँकेतलं खातं वर्षानुवर्षं निवासी म्हणूनच चालू राहतं, त्यात भाडं येतं, एफडीचं व्याज येतं. त्याहून वाईट म्हणजे त्याच खात्याच्या नेटबँकिंगमध्ये परदेशी पैसे पाठवायची सोय दिसते आणि लोक ती वापरतात. ती एलआरएसची (भारतातून परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) सोय, वर्षाला अडीच लाख डॉलरची, फक्त निवासी व्यक्तींसाठी आहे. फेमात दंड उल्लंघनाच्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. खातं स्वतःहून एनआरओ करून घ्या, कुणी विचारायच्या आत.

घर विकताना टीडीएसकडे दुर्लक्ष

सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात. खरेदीदार सवयीनं १ टक्का टीडीएस कापतो, कारण त्याच्या ओळखीत सगळ्यांनी तेवढाच कापलेला असतो. पण तो दर निवासी विक्रेत्यासाठी. विक्रेता अनिवासी असेल तर दीर्घ मुदतीच्या नफ्यासाठी १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर. शिवाय हातात कमी दराचा आयकराचा दाखला नसेल तर कापणी नफ्यावर न होता सहसा अख्ख्या किमतीवर होते.

समजा फ्लॅट ५० लाखांना घेतला होता आणि ९० लाखांना विकला. नफा ४० लाख, त्यावर मूळ कर ५ लाख. टीडीएस मात्र ९० लाखांवर, म्हणजे अधिभार-उपकर सोडूनच ११ लाख २५ हजार. जास्तीचे सहा लाखांहून अधिक रुपये रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत सरकारजमा. याला उपाय आहे: लोअर डिडक्शन सर्टिफिकेट. आयकर विभागाच्या आंतरराष्ट्रीय करआकारणी कार्यालयाकडे अर्ज करायचा, खऱ्या नफ्याचा हिशेब द्यायचा, अधिकारी कमी दराचा दाखला देतात. दाखला यायला आठवडे लागतात, त्यामुळे अर्ज खरेदीखताच्या आधी हवा. एजंट ‘आधी रजिस्ट्रेशन उरकून घेऊ, मग बघू’ म्हणाला तर ऐकू नका. त्याचं कमिशन रजिस्ट्रेशनला मिळतं.

आणखी एक. जुन्या घरावर इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) घेऊन २० टक्क्यांनी कर भरायचा पर्याय जुलै २०२४ नंतर निवासींनाच उरला आहे. भारतातल्या भावानं घर विकताना वापरलेला हिशेब अनिवासी बहिणीला लागू पडत नाही.

पॅन आणि नावं

पॅन-आधार जोडणीतून अनिवासींना सूट आहे, पण आयकराच्या पोर्टलवर तुम्ही अजून निवासी दिसत असाल तर पॅन निष्क्रिय झालेलं असू शकतं. मग टीडीएस चढ्या दरानं कापला जातो आणि रिफंडही अडतो. व्यवहाराला हात घालण्यापूर्वी पोर्टलवर पॅनची स्थिती बघा.

नावांचा गोंधळ तर आपल्याकडचा खास. पॅनवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, इंडेक्स टूवर (घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) वडिलांच्या नावाचं आद्याक्षर. बँकेच्या दृष्टीनं या तीन बायका. नावबदलाच्या गॅझेटची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवाच.

दहा लाख डॉलरची मर्यादा चुकीची मोजणं

एनआरओतून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात. मर्यादा माणसाला आहे, खात्याला नाही. तीन बँकांत तीन खाती असली तरी बेरीज एकच. ३१ मार्चला उरलेली मर्यादा पुढच्या वर्षात जात नाही. एनआरओतून स्वतःच्याच एनआरई खात्यात (अनिवासींचं परदेशी कमाईसाठीचं खातं) वळवलेली रक्कमही यात धरली जाते, आणि तिलाही कराचे कागद लागतात. भाडं, पेन्शन, लाभांश असं चालू उत्पन्न मात्र कर भरून या मर्यादेबाहेर नेता येतं. त्याचा हिशेब वेगळा दाखवला नाही तर तेही मर्यादेत मोजलं जातं.

कराचे कागद म्हणजे ज्यांना सगळे १५सीए आणि १५सीबी म्हणून ओळखतात ते. क्रम उलटा होऊ देऊ नका: करपात्र रक्कम वर्षात ५ लाख रुपयांच्या वर असेल तर आधी सीएचं प्रमाणपत्र (१५सीबी), मग पोर्टलवरचं तुमचं घोषणापत्र (१५सीए), मग बँक. दोन्हींत बँकेच्या शाखेचा तपशील असतो. प्रमाणपत्र डेक्कनच्या शाखेचं काढलं आणि पैसे पाठवायला कोथरूडला गेलात, तर सीएकडे पुन्हा चक्कर.

भावाच्या खात्यातून पाठवणं

‘तुझ्या नावानं पाठव, गिफ्ट दाखव’ हा घरगुती तोडगा. भाऊ निवासी असल्यानं एलआरएस लागतं आणि १० लाख रुपयांवरच्या रकमेला २० टक्के टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ गोळा करते तो कर) त्याच्या खात्यातून जातो. वर, फ्लॅट तुमचा असताना एवढे पैसे त्याच्याकडे कुठून आले, हा प्रश्न आयकरवाले त्यालाच विचारणार. हवालाबद्दल तर बोलायलाच नको.

पैसे निघाले, पोचले नाहीत

आधी घाबरू नका, बँकेकडून स्विफ्ट संदेशाची (बँकांनी एकमेकींना धाडलेल्या पेमेंटच्या निरोपाची) प्रत मागा. त्यावर यूईटीआर नावाचा लांबलचक क्रमांक असतो. तो तिकडच्या बँकेला दिला की पैसे कोणत्या मधल्या बँकेत थांबलेत ते शोधता येतं. रक्कम कमी पोचली असेल तर मधल्या बँकेनं शुल्क कापलेलं असतं. पुढच्या वेळी फॉर्मवर सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे असा पर्याय निवडा. आणि दर विचारताना गूगलवरचा आकडा पुढे करू नका. बँक टीटी सेलिंग दर, म्हणजे परकीय चलन विकायचा स्वतःचा दर लावते. मोठी रक्कम असेल तर शाखेच्या फॉरेक्स डेस्कला फोन करून दर डॉलरमागे काही पैशांनी कमी करून मागा, बऱ्याचदा मिळतात.