गाडीचा रिमोट चालेना? सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी हे बघा

रिमोट दाबला की इंडिकेटर लुकलुकायला पाहिजेत, ते लुकलुकत नाहीत आणि मग आपण पार्किंगमध्ये उभं राहून तेच बटण जीव खाऊन दाबत बसतो. त्याने काही होत नाही. आधी एकच शोधायचं, दोष रिमोटचा आहे, गाडीचा आहे का त्या जागेचा. हे न बघता थेट सर्व्हिस सेंटरला गेलात तर नवीन चावीचं कोटेशन हातात पडू शकतं आणि स्मार्ट की (पुश बटणवाल्या गाडीची, खिशात असली तरी गाडी ओळखते ती चावी) असेल तर तो आकडा काही हजारांत असतो.

तर पहिलं काम, दुसरी चावी काढा. शोरूमवाल्याने दोन दिलेल्या असतात, त्यातली एक कपाटात त्याच प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं पडून असते, तीच आता कामाची. तिने गाडी उघडली तर पहिला रिमोट बिघडलाय. दोन्हींनी नाही उघडली तर बहुतेक गाडीकडे काहीतरी आहे, बहुतेक अशासाठी की कपाटातल्या चावीचा सेल पण तेवढाच जुना असतो.

आता सेल. दहातल्या बहुतेक केसेस इथेच संपतात. लक्षणं आधीपासून दिसत असतात, पूर्वी गॅलरीतून लॉक व्हायची गाडी, आता दरवाजापाशी जावं लागतं, दोनदा दाबावं लागतं, पुश बटणवाल्या गाडीत डॅशबोर्डवर चावीचा सेल कमी असल्याचा मेसेज येतो आणि आपण तो बघून सोडून देतो. रिमोटवर छोटा लाल लाईट असेल तर दाबून बघा, मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर सेल गेला समजा. (मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघायची ट्रिक टीव्हीच्या रिमोटला चालते, गाडीचा रिमोट रेडिओ लहरींवर चालतो, कॅमेऱ्यात काही दिसणार नाही.)

उघडायचं कसं ते मॉडेलवर आहे. स्मार्ट की असेल तर बाजूची छोटी कळ सरकवून आतली लोखंडी चावी बाहेर ओढायची, बऱ्याच चाव्यांमध्ये तिथेच एक खाच दिसते. त्यात चपटा स्क्रूड्रायव्हर टोकाला कापड गुंडाळून घालायचा आणि हळू पिळायचा, म्हणजे प्लास्टिकवर ओरखडे येत नाहीत. उघडल्या उघडल्या फोटो काढा, प्लसची बाजू वर होती का खाली ते नंतर आठवत नाही. आणि साध्या चावीच्या रिमोटमध्ये कधी कधी एक छोटा काळा तुकडा सुटा बसवलेला असतो, तो कचरा समजून टाकू नका, ती इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) चिप आहे, ती हरवली तर दरवाजे उघडतील पण इंजिन चालू होणार नाही.

सेलवर नंबर असतो तोच नंबर आणा. सीआर २०३२ सगळ्यात कॉमन, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. दुकानदार म्हणेल २०२५ पण चालतो, व्होल्टेज सारखंच ३ आहे, पण तो २.५ मिलिमीटर जाड असतो, आत ढिला बसतो आणि मग दणका बसला की रिमोट बंद. एलआयआर २०३२ तर मुळीच घालू नका, तो चार्जिंगचा सेल आहे आणि त्याचं व्होल्टेज जास्त असतं. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) असेल तर जुना सेल मोजा, नवीन ३ च्या थोडा वरच दाखवतो, २.८ च्या आसपास आला असेल तर बदलाच. काही सेलवर लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू थर देतात, त्याने काही रिमोटमध्ये कॉन्टॅक्ट नीट होत नाही, तसं वाटलं तर दुसऱ्या कंपनीचा घालून बघा. जुना सेल मात्र पोरांच्या हाताला लागू देऊ नका, गिळला तर काही तासांत अन्ननलिका आतून भाजते, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

सेल काढला की प्रोग्रॅमिंग उडतं असं बरेच जण सांगतात, तसं सहसा होत नाही, कोड चिपमध्ये सेव्ह असतो. नवीन सेल घालूनही चालला नाही तर आतली पत्र्याची पट्टी दबलीय का बघा, नखाने किंचित वर उचला, कोरड्या कापडाने पुसा. पावसात भिजला असेल तर आधी सेल काढायचा, मग उघडून दिवसभर पंख्याखाली ठेवायचा, तांदळाच्या डब्यात नाही, त्याचं पीठ आत जातं. एकच बटण चालत नसेल तर त्याच्या खालचा स्विच गेलाय, चांगला मोबाईल रिपेअरवाला तो बदलून देतो.

दोन्ही चाव्या चालत नाहीत आणि गाडीच्या आतला लाईट पण मंद असेल तर गाडीची बॅटरी बसलीय. गाडी सुट्टीत बरेच दिवस उभी होती का आठवा. मोजली तर फुल चार्ज बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली गेली तर बहुतेक चार्ज करावी लागते किंवा जम्प स्टार्ट (दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून चालू करणं) करावं लागतं.

एकाच जागी चालत नाही आणि पुढच्या चौकात चालतो, हा प्रकार पण असतो. आपल्याकडचे बरेच रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, त्याच्याच आसपास गेटचे रिमोट आणि वायरलेस बेल पण चालतात, मग गोंधळ होतो. गाडीला चिकटून उभे राहा, चावी मोबाईलपासून लांब धरा. रिमोट हनुवटीला टेकवून दाबला तर रेंज वाढते, दिसायला येडपट वाटतं पण होतं.

घरातल्या पोराने रिमोट खेळायला घेऊन गाडीपासून लांब खूप वेळा दाबला असेल तर काही गाड्यांत कोडचा ताळमेळ सुटतो, कारण दर दाबाला रिमोटचा कोड पुढे सरकतो आणि गाडी मागे राहते. मॅन्युअलमध्ये सिंकची (तो ताळमेळ परत जुळवायची) पद्धत दिलेली असते, तीच वापरा. भलत्याच मॉडेलचा व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंगला हात घालू नका, काही गाड्यांत त्याने चालू चावीसुद्धा पुसली जाते.

आणि आत्ता, या क्षणी बाहेर अडकला असाल तर? स्मार्ट कीमधली लोखंडी चावी काढा, ड्रायव्हरच्या दरवाज्याला भोक दिसत नसेल तर हँडलच्या टोकाचं टोपण बघा, बऱ्याचदा त्याच्या मागे असतं. दार उघडल्यावर सायरन वाजू शकतो, घाबरू नका. मग चावी स्टार्ट बटणाला टेकवून धरा, ब्रेक (मॅन्युअल असेल तर क्लच) दाबा आणि बटण दाबा. आतली चिप सेलशिवाय चालते, गाडी तिला ओळखते आणि सायरन पण बंद होतो. काही मॉडेलमध्ये चावी ठेवायची जागा वेगळी असते, कप होल्डरजवळ वगैरे, ती मॅन्युअलमध्ये आधीच बघून ठेवा.

एकच दरवाजा उघडत नसेल तर रिमोटमागे लागू नका, बहुतेक त्या दाराची लॉकची मोटर गेलीय. आधी सेटिंग तेवढं बघा, बऱ्याच गाड्यांत पहिल्या दाबाला फक्त ड्रायव्हरचं दार उघडतं आणि दुसऱ्या दाबाला बाकीची. एवढं करूनही रिमोट बंदच असेल तर सर्व्हिस सेंटरला जा, आणि जाताना दोन्ही चाव्या आणि आरसी बरोबर घ्या, नवीन चावी प्रोग्रॅम करताना जुन्या पण लागतात.