फिलिपिनो जोडीदाराला अमेरिकेत बोलावताना: आय-८६४ ची कागदपत्रं

लग्न झालेलं असेल तर आय-८६४, म्हणजे येणाऱ्या जोडीदाराच्या आर्थिक आधाराची हमी देणारा फॉर्म, भरावाच लागतो. के-१ व्हिसावर (लग्न ठरलेल्या, पण अजून न झालेल्या जोडीदारासाठीचा) मनिलातल्या मुलाखतीला आय-१३४ हा आर्थिक आधाराचा वेगळा फॉर्म चालतो. आय-८६४ लग्नानंतर, ग्रीन कार्डाच्या अर्जासोबत लागतो.

आधी घरातली माणसं मोजा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तुम्ही, येणारा जोडीदार, अवलंबून असलेली मुलं, शिवाय पूर्वी कुणासाठी आय-८६४ भरून ते बंधन अजून चालू असेल तर ती व्यक्तीही. तेवढ्या माणसांच्या घरासाठी अमेरिकी सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं.

सोबत आयआरएसचा (अमेरिकेचं कर खातं) ताज्या वर्षाचा टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या कर विवरणपत्राचा गोषवारा), डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेलं वर्षाच्या पगाराचं आणि कापलेल्या कराचं पत्रक), सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि पद, पगार व रुजू तारीख लिहिलेलं कंपनीचं पत्र ठेवा. स्वतःचा धंदा असेल तर उलाढाल नाही, खर्च वजा जाऊन उरलेला आकडा धरतात; टॅक्स वाचवायला जास्त खर्च दाखवलेले लोक इथे अडकतात.

उत्पन्न कमी पडलं तर अमेरिकन नागरिकाला तुटीच्या तिप्पट बचत दाखवता येते, किंवा सहप्रायोजक, म्हणजे तुमच्यासोबत हमी देणारा दुसरा माणूस, घेता येतो. त्याचं स्वतःचं उत्पन्न पूर्ण १२५ टक्के हवं आणि तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. त्याला सही करण्याआधी स्पष्ट सांगा: घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी सुटत नाही.