टेस्ट ड्राइव्ह घ्यायची तर घाटात घ्या

दसरा जवळ आला की नात्यागोत्यातले फोन सुरू होतात : "कुठली गाडी घेऊ रे?" मी नाव सांगत नाही. कुठली घ्यायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. बघायची कशी, ते मात्र सांगतो.

शोरूमचा ठरलेला रस्ता आधी नाकारा. आमच्या साताऱ्यात तो हायवेच्या कडेचा, सरळ आणि गुळगुळीत. तिथं बैलगाडीसुद्धा मस्त चालेल. सेल्समनला सांगा, यवतेश्वरचा घाट चढून उतरायचाय, चौघं बसणार आणि एसी चालू राहणार. "साहेब, मॅनेजरला विचारावं लागेल," म्हणेल. विचारू दे. पैसे आपले जाणार आहेत.

घाटच का? कारण आजच्या छोट्या गाड्या रस्त्यापेक्षा कराकडे बघून बनवलेल्या असतात. 2006 च्या बजेटपासून लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं 1200, डिझेलचं 1500 सीसीपर्यंत असेल तर कर कमी. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीतही तीच रेघ : आतल्या गाडीला 18 टक्के, बाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला 40. त्यापायीच शेपूट कापल्यासारख्या सेडान आल्या आणि तीन सिलिंडरची एक लिटरची टर्बो (जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी) इंजिनं आली. कागदावर ताकद भरपूर, पण टर्बो जागा होईपर्यंत कमी फेऱ्यांवर जोरच नाही. म्हणून वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये या, इंजिनचे फेरे (आरपीएम) पंधराशेच्या खाली पडू द्या आणि मग पाय द्या. गाडी ओढते, की पहिला टाकायला लागतो? ब्रोशरमध्ये हे कुठंच छापलेलं नसतं.

चढावर मुद्दाम थांबा आणि पुन्हा उचला. एएमटी (साध्या गिअरबॉक्सवर क्लच-गिअरचं काम यंत्राकडे दिलेली ऑटोमॅटिक) असेल तर ब्रेक सोडल्यावर मागं किती सरकते ते बघा. कासच्या फुलांच्या हंगामात मागच्याचा बंपर हातभर अंतरावर असतो. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, मोकळ्या रस्त्यावर झकास, पण रांगत्या चढावर तापण्याची भीती, विशेषतः ड्राय (तेलात नसलेला) क्लच असेल तर. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक, जुन्या पठडीतला, पेट्रोल थोडं जास्त पितो, तरी घाटाला मी तोच घेईन. उतरताना गिअर हातानं धरून ठेवता येतो का, तेही तपासा. नुसत्या ब्रेकवर घाट उतरणाऱ्याच्या शेजारी मी बसत नाही.

आता स्क्रीन. माझं मत सरळ आहे : मोठी स्क्रीन म्हणजे लक्झरी नव्हे, कंपनीची बटणांवरची बचत. चालवता चालवता, नजर रस्त्यावर ठेवून, एसीचा पंखा कमी करून बघा. नाही जमलं तर भर पावसात काच धुरकटल्यावर काय करणार? युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅपनं 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हॅझर्ड यांसाठी खरी बटणं वा दांड्या असतील तरच पूर्ण गुण देण्याचं ठरवलंय, ते उगाच नाही. सनरूफबद्दल काही बोलत नाही. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता एकदा त्याच्याखाली बसा.

एडास (चालकाला मदत करणारी यंत्रणा) घ्यायचं असेल तर लेन असिस्ट, म्हणजे गाडी पट्ट्यांच्या आत ठेवायला स्वतः स्टेअरिंग वळवणारी सोय, बंद करायला किती टप्पे लागतात ते मोजा, आणि गाडी बंद करून सुरू केली की ते आपोआप परत चालू होतं का तेही. आमच्याकडे पट्टा कुठं असतो, कुठं नसतो. खड्डा चुकवताना स्टेअरिंगनं हाताशी भांडायला नको.

मागच्या सीटवर घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बसवा. आईला गुडघा न धरता उतरता आलं पाहिजे. मांडीला आधार मिळतो का, हेडरेस्ट वर सरकतो का? नव्या फॅशनच्या चढत्या खिडक्यांमुळे मागं बसून बाहेर दिसतं का? नाही दिसलं तर पाचगणी येईपर्यंत पोरांना उलट्या.

मग डिकी उघडा आणि स्टेपनी शोधा. 2020 च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलं तर स्टेपनी न देताही चालतं. कुठं ती बारकी असते, ताशी 80 च्या पुढे न न्यायची. आणि सीएनजीची टाकी बसवली की बऱ्याचदा सामानाची जागाच संपते.

डिझेल हवं असेल तर स्वतःला एक विचारा : रोज किती किलोमीटर? बीएस 6 (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) डिझेलच्या डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरला, ती जाळायला अधूनमधून लांबची, वेगातली धाव लागते. घर ते बाजारपेठ एवढंच चालणार असेल तर तो तुंबतो आणि दिवा लागतो. तुम्हाला पेट्रोलच बरं.

जमलं तर एक फेरी अंधार पडल्यावर मारा. पांढरेशुभ्र एलईडी शोरूमच्या भिंतीवर छान दिसतात. ओल्या डांबरावर आणि धुक्यात तेच फिके पडतात. मला अजून पिवळे फॉगलॅम्प आवडतात. हसा हवं तर.

गाडी ताब्यात घेण्याआधी टायरवरचे चार अंक वाचा. 3525 म्हणजे 2025 सालचा पस्तिसावा आठवडा. चारही टायर नि स्टेपनी बघा. फार जुने निघाले तर गाडी यार्डात किती दिवस उभी होती ते विचारा. आणि विमा शोरूमचाच घ्यावा लागतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, तशी सक्ती नाही. बाहेरचं एक कोटेशन खिशात घेऊन जा, टेबलावर ठेवा आणि चहा येईपर्यंत गप्प बसा. बहुतेक वेळा चहाआधी आकडा खाली येतो.