कलमांवरचे आणि गडग्यावरचे भक्षक कोळी: शोधायचे कसे, राखायचे कसे

ऑक्टोबरात हापूसच्या बागेत बेणणी (गवताची साफसफाई) लागते, तेव्हा गवतासोबत गडग्यावरची, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावरची झुडपंही सरसकट तोडली जातात. ही सवय आधी सोडायला हवी. इथे कोळी म्हणजे घरातला जाळं विणणारा कोळी नव्हे, तर भिंगाशिवाय धड न दिसणारा माइट. कलमावरच्या लाल कोळ्याला, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या किडीला, खाणारे भक्षक कोळी याच झुडपांवर तग धरतात. कलमावर खाणं नसतं तेव्हा ते इथे परागकणांवर आणि इतर बारीक किडींवर जगतात. म्हणून कोयता चालवण्याआधी पानं उलटून बघा.

त्यासाठी 10 किंवा 20 पटीचं भिंग लागतं. सकाळी ऊन चढण्याआधी 10 कलमं निवडा आणि प्रत्येकाची आतल्या, सावलीतल्या फांद्यांवरची 5 पानं चारी बाजूंनी फिरून घ्या. लाल कोळी बहुधा पानाच्या वरच्या अंगाला, मुख्य शिरेलगत असतो. तिथे पान तांबूस, धुळकट दिसतं. भक्षक मात्र खालच्या अंगाला, शिरांच्या बेचक्यात दबून बसतो. अर्ध्या मिलिमीटरहून लहान, थेंबासारखा, चकचकीत, फिकट पांढरा ते तपकिरी. ब्रशच्या एका केसाने हलकेच डिवचला की शिरेच्या कडेकडेने धूम ठोकतो. लाल कोळी तसाच डिवचला तर जेमतेम सरकतो. रंगावर जाऊ नका. भरपूर लाल कोळी खाल्लेल्या भक्षकाच्या पोटात तांबडा रंग उतरतो आणि तोच कीड समजून मारला जातो. चाल बघा, अंडी बघा: भक्षकाचं अंडं लांबट आणि काचेसारखं, लाल कोळ्याचं गोल. गडद, कडक पाठीचे, संथ चालणारे कोळी दिसले तर ते बहुतेक बुरशी-शेवाळ खाणारे. ते मोजणीत धरू नका.

हेच गडग्यावर करा. आंब्याचं पान गुळगुळीत, लपायला जागा कमी. ज्या झुडपाच्या पानाखाली लव आहे, शिरांच्या कोनात केसांचे झुबके किंवा खळगे आहेत, तिथे भक्षक जास्त सापडतात. एरंडाचं एखादं झाड जरूर राखा, त्याचा पराग कित्येक भक्षक कोळ्यांना मानवतो. पण ज्या झुडपावर पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड माजली आहे, ते ठेवू नका.

वणव्याच्या भीतीपोटी सगळं साफ करावंसं वाटतं, आणि ती भीती खरी आहे. वाळणारं गवत बेणावंच, बागेच्या कडेने जाळपट्टाही काढावा. हिरवी झुडपं मात्र गडग्यावर राहू द्या. छाटायचीच असतील तर एका वर्षी निम्मीच छाटा. तणनाशक गडग्यापर्यंत नेऊ नका.

खरं नुकसान फवारणीत होतं. तुडतुड्यांसाठी सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन यांसारखी औषधं पुन्हा पुन्हा मारली की भक्षक मरतात, लाल कोळी उरतो आणि काही आठवड्यांत पानं तांबडी पडतात. मग कोळीनाशकाचा खर्च वाढतो. मोहराची फवारणी टाळता येत नाही, पण ती तुडतुडे मोजूनच करा, एकाच गटाचं औषध लागोपाठ घेऊ नका आणि पंपाचं तोंड गडग्याकडे वळवू नका. भुरीसाठीचं गंधकही वारंवार वापरल्यास भक्षकांना जाचतं. लाल मातीच्या रस्त्याकडेच्या कलमांवर धूळ बसते. धुळीत लाल कोळ्याचं फावतं, भक्षकाचं अडतं. अशी कलमं मोहर येण्याआधी साध्या पाण्याने धुऊन काढा.

एखाद्या कलमावर लाल कोळी आहे पण भक्षक नाही, तर आपल्याच बागेतल्या भक्षक असलेल्या कलमाच्या वीतभर लांबीच्या 4-5 डहाळ्या संध्याकाळी कापा. त्या भिंगाखाली तपासा. खवले, पिठ्या किंवा करपा दिसला तर टाकून द्या. चांगल्या डहाळ्या आतल्या सावलीत, पानाला पान टेकेल अशा बांधा. त्या सुकल्या की भक्षक हिरव्या पानावर चालत जातात. नुकतीच फवारणी झालेल्या कलमावर हे करण्यात अर्थ नाही. उबदार हवेत भक्षकाची अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण आठवड्याभरात होते, म्हणून सात दिवसांनी त्याच फांदीवर पुन्हा मोजा. लाल कोळी घटत असेल तर पंप उचलू नका.

माडावर जागा वेगळी. इरिओफाईड कोळी, ही नारळावरची अतिसूक्ष्म कीड, कोवळ्या नारळाच्या देठालगतच्या पाकळ्यांखाली असतो. आधी फिकट त्रिकोणी डाग, मग तपकिरी भेगा. अशा फळाची पाकळी सुरीच्या टोकाने उचला. पांढरी भुकटीसारखी दिसते ती कीड. तिच्यात मोठा, चपटा, लांबट कोळी पळताना दिसला तर तो भक्षक. तिथे शेंड्यावर फवारण्यापेक्षा 5 टक्के अझाडिरॅक्टिन (कडुनिंबापासूनचं औषध) 7.5 मिली तेवढ्याच पाण्यात मिसळून मुळावाटे द्या, म्हणजे औषध भक्षकाच्या अंगावर पडत नाही. तयार नारळ मात्र त्याआधी उतरवून घ्या.